रविवारचे तीन

धुलाई कारखान्यातल्या बायका तिला आकडेबाई म्हणत. पहिल्या दिवशी कुणीतरी चिडवायला म्हणून हाक मारली, तिनेही ओ दिली, आणि मग खरं नाव मागेच पडलं. तिचं काम नेमकं काय हे तिच्या सासूला चार वर्षांत नीट कळलं नव्हतं, पण शेजारणीने विचारलं की सासू बिनदिक्कत सांगायची, "आमची सून दुकानांचा ताप बघते." धंद्यात रोज काय येतं, काय जातं, कुठे अडतं, कुठे वाया जातं, याची मापं काढायची, ती एका पडद्यावर नीट मांडून द्यायची आणि मालकाला म्हणायचं, हे आधी बघा आणि मग काय ते ठरवा. एवढंच ते काम. सासूची व्याख्या तिने मनातल्या मनात केव्हाच मान्य करून टाकली होती.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती खिडकीशी बसायची आणि फोनवर आपल्या गिऱ्हाइकांचे पडदे एकेक करून उघडायची. त्याची गरज नसायची, पण सवयीपुढे कुणाचं चालतं? आधी बेकरी, मग चष्म्याचं दुकान, मग सायकलींच्या सुट्या भागांचं गोदाम आणि सगळ्यात शेवटी धुलाई कारखाना. शेवटी, कारण तो तिचा लाडका होता. कुठलंही नवीन गिऱ्हाईक आलं की ती नमुना म्हणून त्याच कारखान्याचा पडदा दाखवायची. काही घरांत एक मूल असतं ना, पाहुणे आले की पुढे करायचं, तसा.

पडद्यावर सगळ्यात वर, मोठ्या चौकटीत, फेरधुलाईचा आकडा असायचा. शंभर चादरी धुतल्या तर त्यातल्या किती डाग राहिले म्हणून परत धुवाव्या लागल्या, तो आकडा. चारपर्यंत असला तर चौकट हिरवी, सहापर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. आज चौकटीत तीन होते. हिरवेगार.

तिने समाधानाने चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिसरा मात्र तोंडातच राहिला. आज रविवार होता आणि रविवारी कारखाना बंद असतो.

"काय गं, चहा बिघडला का?" सासूने विचारलं.

"चहा ठीक आहे. माणूस घरात नाही आणि ताप मात्र मोजून झालाय."

"मग थर्मामीटर कुणाच्या काखेत आहे ते बघ आधी," सासू म्हणाली आणि निवडत असलेल्या पालेभाजीकडे वळली.

आकडेबाईने बघितलं. आधी तिला वाटलं, आपल्याच मांडणीत काहीतरी बिघाड असेल. तसं नव्हतं. आकडा सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टाकला गेला होता, कारखान्यात डाग तपासणाऱ्या ताईंच्या फोनवरून. मागचा रविवार काढला: तीन. त्याच्या मागचा: तीन. पाच महिन्यांत एकही रविवार सुटला नव्हता. मग तिने इतर वार काढले. तीन, तीन, चार, तीन, दोन, तीन. पाणी शुद्ध करायची टाकी बंद पडली होती त्या दिवशीही तीन. माणसाची नाडीसुद्धा इतकी एकसारखी चालत नाही. असा गुळगुळीत आलेख दुसऱ्या कुणी दाखवला असता तर तिने भुवया वर केल्या असत्या. हा तिचा स्वतःचा होता, म्हणून पाच महिने ती नुसती खूश होती. तिला स्वतःचा राग आला आणि तो योग्यच होता.

पण रागापेक्षा मोठी काळजी वेगळीच होती. येत्या शुक्रवारी कारखान्याचे मालक एका मोठ्या हॉस्पिटलला शब्द देणार होते. आज कारखान्यात दिवसाला अठराशे नग येत. हॉस्पिटलचे आणखी बाराशे येणार होते. आलेला कपडा चोवीस तासांत परत, ही अट. आणि हे झेपेल की नाही, हे मालक याच तीनवरून ठरवणार होते.

मालकांना सगळे भाऊ म्हणत, कारण त्यांची मोठी बहीण त्यांना भाऊ म्हणायची. बहिणीला सगळे ताई म्हणत, कारण भाऊ तिला ताई म्हणायचे. तीस वर्षांपूर्वी दोघांनी एका यंत्रावर सुरुवात केली होती. आता पाच यंत्रं होती. रोज सकाळी भाऊ पाचही यंत्रांपाशी जायचे, प्रत्येकात हात घालायचे, एक चादर चिमटीत धरून चोळायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला, पण डॉक्टरांनी सांगितलं: वाफेत उभं राहायचं नाही, जिना दिवसातून एकदाच, आणि डोक्याला ताप अजिबात नको. तेव्हापासून भाऊ वरच्या खोलीत बसत. त्या खोलीला खालचं बघायला एक काचेची खिडकी होती, पण वाफेने ती कधीच आंधळी झाली होती. म्हणून त्यांनी आकडेबाईला बोलावलं होतं. म्हणाले होते, "मला खाली जायची बंदी आहे, तर खालचं वर आणून द्या."

आणि तिने आणून दिलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

सोमवारी सकाळी ती कारखान्यात गेली, पण वर न जाता मागच्या दाराने बंबाच्या खोलीत शिरली. तिथे बंबकाका असत. सगळ्या कारखान्याला वाफ पुरवणारा बंब पंचवीस वर्षं त्यांच्या ताब्यात होता आणि बोलणं कमी, घाम जास्त असा तो माणूस होता. दाराच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशा भिंतीवर, खडूने आकड्यांच्या रांगा लिहिलेल्या होत्या. आकडेबाई दोन-चारदा इथे येऊन गेली होती, पण दार लोटून मागे बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"हे काय, काका?"

"पाणी. दिवसाला मीटर किती फिरला ते."

"तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही. खोड आहे. महिना संपला की पुसतो."

तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि भिंतीसमोर उभी राहून हिशेब मांडला. एका नगाला किती पाणी लागतं हे तिला पाठ होतं. पडद्याप्रमाणे अठराशे नग आणि वर पन्नासेक फेरधुलाईचे, म्हणजे साडेअठराशेंचं पाणी खर्च व्हायला हवं. भिंत सांगत होती दोन हजारांचं. एक दिवस नव्हे, रोज.

"कुठे गळती आहे का?"

बंबकाकांनी गळ्यातल्या पंच्याने मान पुसली. "माझ्या खोलीत थेंब गळत नाही."

"मग जास्तीचं पाणी जातं कुठे?"

"बाई, मी बंबाचा माणूस. पाण्याचं विचाराल तर सांगेन. चादरींचं ताईंना विचारा." मग न राहवून म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझं ऐकतंय कोण?"

"पण तुम्ही भिंतीवर खरं लिहिलंत."

"पाण्याचं खोटं लिहून मी बंब कसा चालवू?" बंबकाका म्हणाले आणि झडप बघायला वळले.

ताई उजेडाच्या टेबलापाशी होत्या. त्या टेबलाला वरून काच आणि खालून दिवे. इस्त्रीच्या गरम रुळातून निघालेली प्रत्येक चादर त्यावर पसरायची, डाग दिसला तर निळ्या टोपलीत, नाहीतर घडीवाल्या बायकांकडे. पासष्टीच्या ताई दिवसभर उभ्या राहून ते काम करत आणि त्यांच्या नजरेतून मुंगीच्या पावलाएवढा डाग सुटत नसे. निळी टोपली काठोकाठ भरली होती. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

"ताई, काल किती धुतलं?" आकडेबाईने विचारलं.

"काल? काल रविवार होता की."

"मग तीन कशाचे?"

ताईंचा हात चादरीवरच थांबला. शेजारची घडीवाली एकदम घडीत गढून गेली. रुळावरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एका क्षणात आकडेबाईला कळलं, हे एकट्या ताईंचं काम नाही, इथे अख्खा कारखाना सामील आहे.

ताईंनी तिला कपड्यांच्या थैल्यांच्या थप्पीमागे नेलं आणि स्वतः एका थैलीवर बसल्या.

"तू पडदा लावलास ना, त्याला सहावा दिवस होता," त्या म्हणाल्या. "मी खरा आकडा टाकला. सात. वर ते लाल झालं. मी काहीतरी विचारायला वर गेले तर भाऊ छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलेला, तोंड पांढरं. डॉक्टर आले. म्हणाले, काही नाही, पित्त आहे. पित्त तर पित्त, पण दोन रात्री माझा डोळा लागला नाही. मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, याला पुन्हा लाल दाखवायचं नाही."

"आणि सगळ्यांनी ऐकलं?"

"का नाही ऐकणार? या सगळ्या त्याच्या हाताखाली वाढल्या. वाईट निघालेल्या चादरी आम्ही पडद्याच्या हिशेबात धरत नाही. रात्रभर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या नव्या मालात घालून देतो. पोरी त्यांना पाहुण्या म्हणतात. आज मुक्कामाला किती पाहुण्या, असं विचारतात मला."

आकडेबाईला हसू येत होतं आणि ते दाबताना रडू येईल की काय असंही वाटत होतं. "पण रविवारी का, ताई?"

"रविवारी तो घरी बसून फोनवर बघतो. चौकट रिकामी दिसली की मला फोन, आकडा का नाही आला, काही झालं का? आज बंद आहे म्हटलं तरी जीव टांगणीला. म्हणून मी आंघोळ झाली की आधी तीन टाकून देते."

"तीनच?"

"दोन टाकले तर म्हणतो, एवढे कमी कसे? चारला कपाळावर आठी येते. तीन त्याला मानवतात," ताई म्हणाल्या, गोळीचं प्रमाण सांगावं तशा.

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक छोटी वही काढली. तिच्यात रोजचा खरा आकडा होता. दहा, बारा, अकरा, अकरा. एक दिवस सुटला नव्हता आणि रविवारी फक्त आडवी रेघ होती. "वर खोटं पाठवते," त्या म्हणाल्या, "पण मोजल्याशिवाय मला राहवत नाही."

आकडेबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने शुक्रवारचं गणित सांगितलं. पाच यंत्रांतून दिवसाला जास्तीत जास्त एकतीसशे नग निघतात. हॉस्पिटल धरून तीन हजार येणार. शंभरात तीन परत धुवायचे असतील तर नव्वद वाढतात आणि कसंबसं बसतं. अकरा असतील तर तीनशेतीस वाढतात. म्हणजे रोज दोनशेतीस चादरी पडून राहणार, आठवड्यात हजाराच्या वर, आणि तिकडे पेशंट उघड्या गादीवर.

"तेव्हा लाल रंग पडद्यावर नाही येणार, ताई. हॉस्पिटलचा फोन येईल. तो कसा झाकायचा?"

ताईंचा चेहरा उतरला. हॉस्पिटलवाले येऊन गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण भाऊ नाही म्हणतील, अशा तब्येतीत कोण हो म्हणतं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी आकडेबाईचा हात धरला.

"तू हुशार आहेस. दुसरं काहीतरी कारण काढ ना. तुझ्या आकड्यांतून काहीतरी निघेलच. त्याला सांग, झेपणार नाही, वीज पुरणार नाही, काहीही सांग. फक्त हे सांगू नकोस. तो कोसळेल गं."

खरं सांगायचं तर आकडेबाईला मोह झाला. कारण काढणं हे तिच्या डाव्या हाताचं काम होतं. वीज, गाड्यांच्या फेऱ्या, माणसांच्या सुट्ट्या; सुबक आलेख काढून दिला असता तर भाऊंनी तो मानला असता. त्यांची छाती सुरक्षित, ताईंची झोप सुरक्षित, आणि तिचा लाडका नमुनाही सुरक्षित. पाच महिने आपल्याला कुणी बनवलं हे कुणाला कळलंच नसतं.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने सासूला सगळं सांगितलं. सासूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे विशेषच.

"बहिणीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही," सासू म्हणाली. "मीही तेच केलं असतं. पण औषध थर्मामीटरला पाजून ताप उतरत नाही."

"आणि त्यांना खरंच काही झालं तर?"

"तर डॉक्टर आहेत. तू डॉक्टर नाहीस. तुला त्याने ताप बघायला ठेवलंय."

मंगळवारी तिने ताईंना सांगितलं, मी खोटं कारण देणार नाही, पण तुमच्या आधी तोंडही उघडणार नाही. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहीन. ताई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी जाताना मात्र म्हणाल्या, "उद्या, त्याचं जेवण आणि गोळ्या झाल्यावर."

बुधवारी दुपारी दोघी वर गेल्या. भाऊ खुशीत होते. टेबलावर हॉस्पिटलचे कागद नीट लावून ठेवलेले, पेन टोपण काढून तयार. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या चौकटीत तीन.

"या आकडेबाई. ताई, तूही आलीस? बरं झालं. सांगा, तुमचा पडदा काय म्हणतो? शुक्रवारी हो म्हणू ना?"

ताईंनी ती छोटी वही त्यांच्या कागदांवर ठेवली. भाऊंनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग सुरुवातीला जाऊन शांतपणे सगळीच वाचली. ताईंची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती, तो छातीकडे जातो की काय म्हणून. हात वहीवरच राहिला.

"अकरा," भाऊ म्हणाले.

"अकरा," ताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यापासून मी खोटं टाकतेय. या मुलीला काही माहीत नव्हतं. परवा तिने पकडलं."

"कसं पकडलं?"

"रविवारी तीन आले होते," आकडेबाई म्हणाली.

भाऊंनी बहिणीकडे बघितलं. "रविवारी? अगं, रविवारी तर आपण बंद असतो."

"तू बघतोस ना रविवारी," ताई म्हणाल्या.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. आकडेबाईने मनात डॉक्टरांचा नंबर घोकून ठेवला होता. तो आता तिला आठवेना. मग भाऊ बोलले, आवाज न चढवता, जणू बऱ्याच दिवसांचं साठलेलं सावकाश काढून ठेवत होते.

"ताई, तीस वर्षं मी रोज त्या यंत्रांत हात घालून बघत होतो. मला वाटायचं, एक दिवस मी नाही गेलो तर बट्ट्याबोळ होईल. मग आजारी पडलो, इथे येऊन बसलो आणि बघतो तर काय, तीन. रोज तीन. माझ्या वेळी पाचच्या खाली कधी आलं नव्हतं, आणि मी गेल्यावर तीन. मी घरी बायकोला म्हटलंसुद्धा, तीस वर्षं मी उगाच मध्ये लुडबुड करत होतो. माझ्यावाचून छान चाललंय सगळं."

"असं कसं म्हणालास?" ताईंनी त्यांना मध्येच तोडलं.

"मग काय म्हणणार? रोज सकाळी इथे येऊन मी स्वतःचा निरुपयोग बघत बसायचो. म्हणून तर हे हॉस्पिटल घ्यायला निघालो. म्हटलं, असं काहीतरी मोठं घेऊ की ज्यात मी लागेन."

ताई रडायला लागल्या. तोंडावर पदर न घेता, उभ्याउभ्या. "अरे, तुला बरं वाटावं म्हणून करत होते मी."

"मला त्यानेच बरं वाटत नव्हतं, ताई," भाऊ म्हणाले.

आकडेबाईने पडद्याकडे पाठ केली. त्या हिरव्या रंगाकडे तिला बघवेना. तो रंग तिनेच निवडला होता, डोळ्यांना थंडावा देणारा म्हणून, आणि तो रोज कुणाच्या डोळ्यांसमोर जाणार आहे हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

भाऊंनी खिशातला रुमाल बहिणीला दिला, हॉस्पिटलचे कागद बाजूला सारले आणि वहीवर बोट ठेवलं. "अकरा. कुठल्या यंत्राचे?"

वहीत सगळ्यांचा मिळून एकच आकडा होता. पडद्यावरही एकच.

"चूक माझी आहे," आकडेबाई म्हणाली. "पाच यंत्रांना मी एकच चौकट दिली. ती खरी असती तरी कुठे दुखतंय हे तिने सांगितलं नसतं. मला उद्याचा एक दिवस द्या."

गुरुवारी सकाळी तिने पाच रंगांच्या फिती आणल्या. एकेका यंत्रातून निघणाऱ्या हातगाडीला एकेक रंग, आणि गाडी रुळापर्यंत, रुळापासून उजेडाच्या टेबलापर्यंत त्याच रंगाने जायची. डागाची चादर निघाली की ताई तिच्या रंगाखाली एक रेघ ओढत. बायकांना त्यात मजा वाटायला लागली; कुणाचा रंग जिंकतो यावर दुपारपर्यंत पैजा लागल्या. पाच महिने आकडे लपवलेल्या बायका त्या दिवशी एकेका रेघेसाठी भांडत होत्या. संध्याकाळी आकडेबाईने शंभरात किती ते काढलं. पहिल्या यंत्राचे चार. दुसऱ्याचे पाच. चौथ्याचे सहा, पाचव्याचे पाच. तिसऱ्याचे चौतीस.

ती वर जाऊन सांगणार होती, पण भाऊच खाली आले. दिवसातला एकदाचा जिना त्यांनी राखून ठेवला होता. ताई खालच्या पायरीशी उभ्या राहून त्यांच्या पायऱ्या मोजत होत्या, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. चौदा झाल्यावर त्यांनी श्वास सोडला. दारं उघडून वाफ जाऊ दिली होती. भाऊ तिसऱ्या यंत्रापाशी गेले, बाही वर केली, हात आत घातला आणि एक ओली चादर चिमटीत धरून चोळली. मग ती नाकाशी नेली.

"धुतलीय चांगली," ते म्हणाले. "खळबळली नाहीये. साबणाचं पाणी पूर्ण जातच नाही. काका, निचऱ्याची झडप उघडा."

बंबकाकांनी पाना लावला. झडपेच्या तोंडाशी कापसाचा आणि दोऱ्यांचा एक घट्ट गोळा बसला होता, मुठीएवढा. त्यांनी तो ओढून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. इतक्या महिन्यांचा डाग तो एवढाच.

"मी वर्षातून दोनदा काढायचो हा," भाऊ म्हणाले. "कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं."

"आता सांगून ठेवा," आकडेबाई म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं: तिसरं यंत्र, निचऱ्याची झडप, वर्षातून दोनदा. मग तिने विचारलं, "अजून काय काय आहे, जे फक्त तुमच्या हाताला माहीत आहे?"

भाऊ हसले. "बसा. वेळ लागेल."

शुक्रवारी हॉस्पिटलचे अधिकारी आले तेव्हा भिंतीवरचा पडदा लाल होता. गुरुवारचे अकरा तसेच होते; ते बदलू नका असं भाऊंनीच बजावलं होतं. त्यांनी अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, फितींसकट. म्हणाले, बाराशे आज झेपणार नाहीत. पुढच्या महिन्यापासून तीनशे द्या. सलग दोन महिने हा आकडा पाचच्या खाली राहिला तर उरलेल्याचं बोलू. "भलतंच घेतलं तर एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या." अधिकारी बराच वेळ त्या लाल चौकटीकडे बघत राहिले. त्यांना सगळीकडे हिरवंच दाखवतात, असं ते म्हणाले, आणि वर विचारून कळवतो असं सांगून गेले. त्यांनी काय कळवायचं ते कळवोत. भाऊंनी त्या दुपारी पूर्ण डबा खाल्ला, ही बातमी मात्र पाच मिनिटांत खालपर्यंत पोचली.

रविवारी सकाळी आकडेबाई चहा घेऊन खिडकीशी बसली. बेकरी, चष्म्याचं दुकान, गोदाम. शेवटी कारखाना. शनिवारचे सात, लाल. आता त्याच्या खाली पाच छोट्या चौकटी होत्या, एकेका यंत्राची एकेक. रविवारची चौकट रिकामी. ती त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. ताई होत्या. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अगं, हात सारखा त्या फोनकडे जातोय," ताई म्हणाल्या. "सवय लागलीय. काय करू?"

"काही करू नका. रिकामीच राहू द्या. भाऊंचा फोन आला का?"

"आला ना. आत्ताच ठेवला."

आकडेबाईने कप खाली ठेवला. "काय म्हणाले? आकडा का नाही आला, असं विचारत होते?"

"नाही," ताई म्हणाल्या. "विचारत होता, उद्या किती वाजता येऊ?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, सातला ये. यंत्रं सुरू व्हायच्या आत."